इंग्लंडांतील जुनीं मृत्युपत्रें आणि पूर्वजांचा शोध

इंग्लंडांतील एखाद्या शेतकऱ्याच्या किंवा चांभाराच्या वंशजास आपल्या खापरपणज्याची माहिती हवी असली, तर ती त्यास कोठें मिळेल? हा प्रश्न वर्गांत विचारला असतां बहुतेक विद्यार्थी “चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहींत” असें उत्तर देतात. उत्तर बरोबर आहे, पण अपुरें आहे. आठव्या हेन्रीच्या अमदानींत, १५३८ सालीं, प्रत्येक पॅरिशमध्यें बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवावी असा हुकूम थॉमस क्रॉमवेल यानें काढला. जन्ममृत्यूंची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून सुरू झाली, आणि घरोघरच्या माणसांचीं नांवें देणारी खानेसुमारी १८४१ पासून पाहावयास मिळते. ह्या तिहींतून नांवें मिळतात, तारखा मिळतात. परंतु अमका मनुष्य कोणावर माया करीत होता, कोणाशीं त्याचें बिनसलें होतें, त्याच्या घरांत भांडीं किती व डोक्यावर कर्ज किती, हें त्यांतून कळत नाहीं. तें कळतें मृत्युपत्रांतून. म्हणून इंग्लंडांत कुळाचा इतिहास शोधणारे लोक प्रोबेटच्या दप्तरास फार मोल देतात. आणि तें दप्तर वाचावें कसें हें ज्यास ठाऊक नाहीं, तो त्यांतूनच भलभलतीं अनुमानें काढून बसतो.

प्रोबेट हा शब्द आपल्याकडे कोर्टाच्या कामानिमित्त पुष्कळांच्या कानांवरून गेलेला असतो. त्याचा मूळ अर्थ शाबीत करणें. मनुष्य मरण पावला म्हणजे त्यानें नेमलेला एक्झिक्यूटर, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणें वाटणी करून देणारा विश्वासू इसम, तें मृत्युपत्र घेऊन कोर्टाकडे जातो. हेंच मयताचें अखेरचें मृत्युपत्र होय असें शपथेवर सांगतो. आणि कोर्ट त्याची नक्कल दप्तरीं उतरून घेऊन त्यास मालमत्तेच्या कारभाराचा अधिकार देतें. मृत्युपत्र केलेलेंच नसेल तर विधवेस किंवा जवळच्या आप्तास कारभाराचा अधिकारलेख मिळतो. जुन्या याद्यांत अशा नांवापुढें ‘ॲडमॉन’ एवढाच त्रोटक शब्द असतो. तो पाहून नवशिके निराश होतात. वास्तविक मयताचें गांव, त्याच्या मृत्यूचा अदमासें काळ आणि पुष्कळदां त्याच्या विधवेचें नांव एवढें त्या लहानशा नोंदींत सांपडतें, हें कांहीं थोडें नव्हे.

हें काम इंग्लंडांत शेंकडों वर्षें राजाच्या न्यायालयाकडे नसून धर्माधिकाऱ्यांच्या न्यायालयाकडे होतें, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांस चमत्कारिक वाटेल. मध्ययुगांत मरणोन्मुख मनुष्याची शेवटची इच्छा ही त्याच्या आत्म्याच्या हिताशीं निगडित मानली जाई. म्हणून त्याच्या जंगम मालाची व्यवस्था चर्चच्या हातीं राहिली. जमीनजुमल्याचा न्याय मात्र राजाच्या कोर्टांतच होई, आणि मृत्युपत्रानें जमीन देण्याची मोकळीक कायद्यानें मिळाली ती १५४० सालीं. ह्या जुन्या व्यवस्थेचा शेवट १८५७ च्या कायद्यानें झाला, व १२ जानेवारी १८५८ पासून प्रोबेट देण्याचें काम सरकारी कोर्टाकडे आलें. शोध करणाऱ्यानें हा दिवस प्रथम मनांत ठसवावा. प्रोबेट ह्या दिवसाच्या आधींचें कीं नंतरचें, ह्यावरून दोन वाटा फुटतात.

नंतरची वाट सोपी आहे. १८५८ पासून सर्व इंग्लंड व वेल्स यांची मिळून दर सालची एक यादी निघत आली आहे. आडनांवांच्या अकारविल्हे क्रमानें तींत मयताचें नांव, राहण्याचें ठिकाण, मृत्यूची तारीख, एक्झिक्यूटरांचीं नांवें व मिळकतीची किंमत दिलेली असते. पुष्कळदां धंदा व नातेंहि असतें. आतां ही यादी घरबसल्या संगणकावर पाहतां येते, आणि फी भरली म्हणजे मूळ मृत्युपत्राची नक्कल मागवितां येते. एकच खबरदारी घ्यावी लागते. यादी मृत्यूच्या सालाप्रमाणें नसून प्रोबेट मिळाल्याच्या सालाप्रमाणें लावलेली आहे. भावाभावांत तंटा लागला, किंवा विधवा जिवंत असेतों कोणी कोर्टाची पायरी चढलें नाहीं, तर तें नांव पांच-दहा वर्षांनीं पुढच्या खंडांत येतें. मृत्यूच्या सालीं नांव न आढळल्यावर पुस्तक मिटून ठेवणाऱ्यास तें कधींच सांपडावयाचें नाहीं.

आधींची वाट बिकट खरी, पण गोडी तिच्यांतच आहे. १८५८ पूर्वी इंग्लंडांत व वेल्समध्यें मृत्युपत्रें मंजूर करणारीं दोनशेंहून अधिक लहानमोठीं कोर्टें होतीं. सगळ्यांत खालीं कांहीं विशेष हक्काच्या गांवांचीं व जहागिरींचीं कोर्टें, त्यांवर आर्चडीकनचें, त्याहून वर बिशपचें, आणि सर्वांवर कँटरबरी व यॉर्क येथील दोन आर्चबिशपांचीं. मयताचा माल एकाच आर्चडीकनच्या हद्दींत असला तर काम तेथेंच होई. दोन निराळ्या बिशपांच्या हद्दींत पांच पौंडांहून अधिक किंमतीचा माल असला तर आर्चबिशपाच्या कोर्टांत जावें लागे. दोन्ही आर्चबिशपांच्या प्रांतांत असला तर कँटरबरी श्रेष्ठ. ह्याशिवाय पैसेवाले लोक प्रतिष्ठेसाठींहि कँटरबरीचेंच कोर्ट पसंत करीत. ह्या कोर्टाचीं १३८४ पासून १८५८ पर्यंतचीं दहा लाखांहून अधिक मृत्युपत्रें लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत आहेत. यॉर्कचीं यॉर्कच्या विद्यापीठांतील बॉर्थविक संस्थेंत, आणि खालच्या कोर्टांचीं बहुतेक त्या त्या कौंटीच्या दप्तरखान्यांत. क्रॉमवेलच्या काळीं, १६५३ पासून १६६० पर्यंत, धर्मकोर्टें बंद होतीं, व सगळ्या देशाचें काम लंडनलाच चाले. तेव्हां त्या सात वर्षांतील एखाद्या खेडवळ माणसाचें मृत्युपत्र त्याच्या गांवाजवळ न शोधतां लंडनच्या दप्तरांत शोधावें. ह्यावरून दिसून येईल कीं, येथें पहिला प्रश्न “नांव काय?” हा नाहीं. “राहत होता कोठें, आणि माल होता कोठें?” हा आहे. नकाशा पुढें ठेवल्यावांचून ह्या कामास हात घालूं नये.

समुद्रावर किंवा परदेशीं मेलेल्या आणि इंग्लंडांत माल असलेल्या माणसांचीं मृत्युपत्रेंहि कँटरबरीच्या कोर्टाकडे जात. येथें ह्या दप्तराचा आपल्या देशाशीं संबंध येतो. ईस्ट इंडिया कंपनीचे शेंकडों व्यापारी, शिपाई व खलाशी हिंदुस्थानांत मेले. १७२६ च्या सनदेनें मुंबई, मद्रास व कलकत्ता येथें मेयरचीं कोर्टें स्थापन झालीं, व त्यांना प्रोबेट देण्याचा अधिकार मिळाला. पुढें मुंबईस रेकॉर्डरचें कोर्ट, मग सुप्रीम कोर्ट, आणि १८६२ पासून हायकोर्ट अशी परंपरा चालली. ह्या कोर्टांतील मृत्युपत्रांच्या व मालाच्या याद्यांच्या नकला विलायतेस पाठविल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररींतील इंडिया ऑफिसच्या दप्तरांत आहेत. त्यांत एक प्रकार असा आढळतो कीं तो वाचून मन क्षणभर थांबतें. ज्या हिंदी स्त्रियांशीं ह्या साहेबांनीं वर्षानुवर्षें संसार केला, त्यांचा उल्लेख कोठें एकेरी नांवानें, कोठें नांवावांचूनच येतो. त्यांच्या मुलांस थोडीबहुत रक्कम नेमून दिलेली असते. विवाहाच्या वहींत ह्या बायांची नोंद नाहीं, त्यांच्या माहेराचा पत्ता नाहीं. मृत्युपत्रांतील ती एक ओळ नसती तर त्या होऊन गेल्या ह्याचा पुरावाच उरला नसता.

आतां वाचनाविषयीं. सर्वांच्या परिचयाचें उदाहरण घ्यावें म्हणून शेक्सपिअरचें मृत्युपत्र घेतों. तें कँटरबरीच्या कोर्टांत २२ जून १६१६ रोजीं मंजूर झालें व अद्याप क्यू येथें आहे. कागद तीन असून तिन्हींवर त्याची सही आहे. वरची तारीख लॅटिनमध्यें आहे. तींत जानेवारी हा महिना खोडून मार्च घातला आहे. म्हणजे मसुदा जुना, व २५ मार्च रोजीं तो फिरविलेला. लॅटिन येथें तारखेपुरतें आहे. मृत्युपत्रें ह्या काळीं बहुधा इंग्रजींतच असत, पण कोर्टाचा शेरा १७३३ पर्यंत लॅटिनमध्यें लिहीत. शिवाय त्या काळीं इंग्लंडांत वर्षारंभ २५ मार्चला होई; १ जानेवारीस वर्ष सुरू करण्याचा प्रघात १७५२ पासूनचा. ह्यामुळें १६४० च्या फेब्रुवारींत लिहिलेला जुना कागद आपल्या हिशेबानें १६४१ चा ठरतो. हें ध्यानांत न घेणाऱ्यास मनुष्य मृत्युपत्र करण्यापूर्वींच मेल्याचें दिसूं लागतें!

ह्याच मृत्युपत्रांत पत्नीला आपला दुसऱ्या प्रतीचा पलंग व त्यावरील सामान द्यावें, असें दोन ओळींच्या मध्यें मागाहून घातलेलें आहे. ह्या पलंगावरून किती पंडितांनीं किती शाई खर्च केली आहे! कोणी म्हणतात नवराबायकोचें पटत नव्हतें. कोणी म्हणतात उत्तम पलंग पाहुण्यांचा असे, दुसरा तोच नवराबायकोचा, तेव्हां ही मायेची खूण. आणि विधवेस कायद्यानें व रूढीनें मिळणारा वांटा मृत्युपत्रांत लिहिण्याची गरजच नव्हती, असेंहि कित्येकांचें म्हणणें. मला ह्यांत निकाल देण्याची इच्छा नाहीं. एका पलंगावरून एका संसाराची परीक्षा करूं नये, एवढेंच विद्यार्थ्यांनीं पाहावें. खरी उपयोगाची गोष्ट दुसरीच आहे. त्याच कागदांत शेक्सपिअर आपल्या मुलीच्या मुलीला, एलिझाबेथ हॉल हिला, ज्या शब्दानें संबोधतो त्याचा आजचा अर्थ पुतणी किंवा भाची असा होतो. त्या काळीं तो शब्द नातीलाहि लावीत. तसेंच ‘कझिन’ म्हणजे जवळपास कोणताहि आप्त, ‘सन’ म्हणजे प्रसंगीं जांवई, आणि आज जांवई ह्या अर्थी चालणारा शब्द पुष्कळदां सावत्र मुलाला. आपल्या भाषेंत पुतण्या निराळा, भाचा निराळा, मेहुणा निराळा, साडू निराळा. म्हणून आपल्याला इंग्रजी नात्यांचा हा सैलपणा विशेष फसवितो. एका शब्दावर वंशवृक्षाची फांदी काढूं नये. दुसऱ्या कागदाचा दुजोरा मिळेपर्यंत पेन्सिलीनेंच लिहावें.

पुष्कळ जुन्या मृत्युपत्रांचा आरंभ देवाच्या नांवानें होतो, आणि नंतर आत्मा ईश्वराच्या हातीं सोंपविल्याचा मजकूर येतो. पवित्र मरीया व संत यांचीं नांवें असलीं तर मनुष्य जुन्या पंथाचा, ख्रिस्ताच्या पुण्याईवरच भिस्त ठेवलेली असली तर नव्या पंथाचा, असें कांहीं लोक झटकन् ठरवितात. पण लिहिणारा बहुधा पॅरिशचा पाळक किंवा गांवांतला एखादा साक्षर मनुष्य असे, आणि त्याचा मजकूर ठरीव. एकाच लेखकाच्या हातचीं दहा मृत्युपत्रें पाहिलीं तर दहांतहि तेंच वाक्य आढळतें. मरणाऱ्याची श्रद्धा त्यावरून मापतां येत नाहीं.

मृत्युपत्राहूनहि मला अधिक मौजेच्या वाटतात त्या मयताच्या मालाच्या याद्या. १५२९ च्या कायद्यानें त्या आवश्यक झाल्या, व अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत पुष्कळ आढळतात. गांवचे दोन-चार शेजारी मयताच्या घरीं जात आणि खोल्याखोल्यांतून फिरून प्रत्येक वस्तूची किंमत मांडीत. प्रथम बहुधा अंगावरचे कपडे व थैलींतले पैसे, मग दिवाणखान्यांतील मेज व बांक, स्वैंपाकघरांतील पितळी भांडीं व जस्ती ताटल्या, माडीवरील बिछाने, कोठारांतील गहूं, जव, गोठ्यांतील गाई, रानांतील मेंढ्या, शेतांत उभें असलेलें पीक, विणकर असेल तर त्याचा माग. शेवटीं कोणाकडून किती येणें. घर व जमीन मात्र ह्या यादींत नसे; त्यामुळें यादीची बेरीज लहान दिसली तरी मनुष्य दरिद्री होता असें म्हणतां येत नाहीं. यादीखालीं सह्या करणारे शेजारी हे पुष्कळदां मेहुणे, व्याही किंवा चुलत भाऊ निघतात. तीं नांवें टिपून ठेवावीं.

साक्षीदारांचेंहि तसेंच. १८३७ चा कायदा १ जानेवारी १८३८ पासून अंमलांत आला, तेव्हांपासून प्रत्येक मृत्युपत्रास दोन साक्षीदार लागूं लागले. त्यापूर्वी जंगम मालापुरतें साक्षीदारांवांचूनहि भागे. कादंबरीकार जेन ऑस्टेन हिनें २७ एप्रिल १८१७ रोजीं स्वतःच्या हातानें मृत्युपत्र लिहून जवळजवळ सर्व कांहीं आपली बहीण कॅसँड्रा हिला दिलें. साक्षीदार एकहि घातला नाहीं. ती त्याच वर्षीं १८ जुलैला वारली. मग सप्टेंबरांत दोन परिचितांनीं कोर्टांत येऊन हें अक्षर तिचेंच अशी शपथ घेतली, तेव्हां मंजुरी मिळाली. अशीं शपथपत्रें मूळ कागदास जोडलेलीं असतात. दप्तराच्या वहींतील नक्कल तेवढी पाहणाऱ्यास तीं दिसत नाहींत.

मृत्युपत्रांत जें नाहीं त्याचाहि विचार केला पाहिजे. थोरल्या मुलाचें नांव नाहीं, किंवा त्याला फक्त एक शिलिंग दिला आहे, हें पाहून बापानें त्याला घराबाहेर काढला असें समजण्याची घाई होते. पण जमीन त्याला कायद्यानेंच मिळत असे, किंवा त्याचा वांटा त्याला आधींच पोंचलेला असे. मुलींस लग्नांत दिलेलें पुन्हां लिहीत नसत. विवाहित स्त्रीला १८८२ च्या कायद्यापूर्वी साधारणपणें पतीच्या संमतीवांचून मृत्युपत्र करतां येत नसे. म्हणून हें दप्तर मुख्यतः पुरुष, विधवा व अविवाहित स्त्रिया यांचें आहे. मजूर व भिकारी यांचें तर नव्हेच.

तथापि दुसऱ्याच्या मृत्युपत्रांतून दुबळ्यांचीं नांवें वर येतात, तीं अशीं. कोशकार डॉ. सॅम्युअल जॉन्सन १३ डिसेंबर १७८४ रोजीं वारला. जमैका बेटांत गुलामगिरींत जन्मलेला फ्रान्सिस बार्बर हा त्याचा नोकर. त्याला सालीना सत्तर पौंडांची नेमणूक व उरलेली मिळकत जॉन्सननें दिली. त्याच्या कित्येक मित्रांस हें औदार्य रुचलें नाहीं. ह्याच कँटरबरीच्या दप्तरांत जमैका, बार्बाडोस येथील मळेवाल्यांचीं मृत्युपत्रेंहि आहेत. त्यांत बाप आपल्या मुलीला चांदीचीं भांडीं देतो, आणि पुढल्याच ओळींत नांवानिशीं एक गुलाम मुलगी देतो. आपले पूर्वज शोधणाऱ्या कित्येक कॅरिबियन घराण्यांस एवढ्या एका ओळीचा आधार आहे. तें मृत्युपत्र मळेवाल्याच्या नांवानें लावलेलें असल्यामुळें आधीं त्यांना मालकाचें नांव शोधावें लागतें.

कागद नाहींसा झाला तर काय, हें डेव्हन व सॉमरसेट येथील लोकांस विचारावें. १९४२ च्या मे महिन्यांत जर्मन विमानांनीं एक्झेटर शहरावर बाँबहल्ला केला, त्यांत तेथील प्रोबेटचें दप्तर जळालें, आणि त्या दोन्ही कौंट्यांचीं शेंकडों वर्षांचीं मृत्युपत्रें एका रात्रींत गेलीं. सुदैवानें ओलिव्ह मोगर नांवाच्या बाईंनीं त्यापूर्वी पुष्कळ मृत्युपत्रांचे उतारे आपल्या हातानें करून ठेवले होते. ते आज शोधकांच्या उपयोगीं पडतात. दुसरा आधार मिळाला तो कर घेणाऱ्या खात्याकडून. वारशावरील कर १७९६ पासून घेण्यांत येऊं लागला, व त्यासाठीं १८१२ ते १८५७ ह्या काळांतील अनेक मृत्युपत्रांच्या नकला लंडनला गेल्या होत्या. ज्या खात्याचें नांव काढतांच लोक कपाळाला आंठ्या घालीत, त्याच्या कारकुनांनीं केलेल्या नकलांवर ह्या दोन कौंट्यांतील पुष्कळ घराण्यांचा इतिहास आज उभा आहे. ह्या कराच्या नोंदवह्या १७९६ पासून १९०३ पर्यंतच्या क्यू येथें आहेत. सर्वच मयत त्यांत नाहींत. पण जे आहेत त्यांचें प्रोबेट कोणत्या कोर्टांत झालें तें व वारसांचें मयताशीं नातें काय तें तेथें लिहिलेलें असतें. दोनशें कोर्टांच्या रानांत वाट चुकलेल्यानें प्रथम ह्या वह्या पाहाव्या.

पुणें, अहमदनगर किंवा मुंबई येथील जुन्या दफनभूमींत फिरतांना एखाद्या इंग्रज शिपायाचा किंवा व्यापाऱ्याचा दगड आपल्या दृष्टीस पडला आणि त्याविषयीं जिज्ञासा वाटली, तर दगडावरील नांव, साल व पलटण नीट उतरून घ्यावी. साल १८५८ च्या आधींचें असल्यास इंडिया ऑफिसच्या दप्तरांतील मुंबईच्या मृत्युपत्रांची सूची व कँटरबरीच्या कोर्टाची सूची अशा दोन्ही पाहाव्या. मात्र दुसऱ्या सूचींत मृत्यूच्या सालावरच न थांबतां पुढचीं तीन-चार वर्षें अवश्य चाळावीं. कारण त्या काळीं शिडाच्या जहाजानें केपला वळसा घालून मृत्यूची बातमी व कागद विलायतेस पोंचावयालाच पांच-सहा महिने लागत, आणि कोर्टाचें काम त्यानंतर सुरू होई.